मनात मागे काय उरतं

(पाचारण रविवारी, म्हणजे धर्मगुरुपदासाठी येणाऱ्या देवाच्या हाकेचा विचार करण्याच्या रविवारी, आमच्या चर्चच्या धर्मग्रामातल्या तरुणांसमोर केलेलं हे भाषण. इथे देताना थोडं संपादित केलं आहे.)

मुलांनो, आणि मागच्या बाकांवर बसलेल्या आईवडिलांनो,

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेत, दोन वर्षं होतो आणि बाहेर पडलो. आज बायको समोर बसली आहे, मुलगी गायकवृंदात आहे. तेव्हा पाचारणावर बोलायला ह्या माणसाला का बोलावलं, असं कुणाला वाटलं असेल तर फादरांना विचारा. मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, ‘बाहेर पडण्याचाही निर्णय प्रार्थनेतूनच होतो, ते सांगायला कुणीतरी हवं.’

मिस्सा संपल्यावर एक मुलगा मला विचारत होता, ‘सर, देव बोलतो म्हणतात. मला तर काहीच ऐकू येत नाही.’ मलाही आजवर काही ऐकू आलेलं नाही. बायबलमधल्या शमुवेलाला ऐकू आलं, पण तोही तीन वेळा उठून याजक एलीकडेच धावला. हाक कुणाची हे त्याला कळेना, आणि ते सांगायला म्हातारा एली लागला. प्रार्थनेबरोबर मार्गदर्शक का लागतो, ते ह्या गोष्टीत आलं.

हाक ऐकू येत नसेल तर ओळखायची कशी? ह्या प्रश्नाचा ज्याने सगळ्यात बारकाईने विचार केला, तो माणूस मुळात शिपाई होता, आणि चांगलाच नखरेल. लोयोलाचा इग्नेशियस. 1521 साली स्पेनमधल्या पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. हाड वाकडं जुळलं, गुडघ्याखाली उंचवटा दिसू लागला. घट्ट बूट घातल्यावर ते वाईट दिसेल, म्हणून पठ्ठ्याने ते हाड कापून घेतलं. त्या काळी, भूल न देता! मग महिनोन्‌महिने अंथरुणावर. वाचायला त्याला शूर सरदारांच्या प्रेमकथा हव्या होत्या. घरात निघाली ती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रं. नाइलाजाने तीच वाचू लागला.

तो तासन्‌तास दिवास्वप्नं बघायचा. कधी एका थोर घराण्यातल्या स्त्रीसाठी आपण काय काय पराक्रम करू ह्याची, तर कधी संत फ्रान्सिसने केलं ते आपण का करू नये, ह्याची. दोन्हींत त्याला सारखाच आनंद व्हायचा. पण पहिलं स्वप्न संपलं की मन कोरडं पडायचं, आणि दुसरं संपल्यावरही मन प्रसन्नच राहायचं. हा फरक बरेच दिवस त्याच्या ध्यानात आला नाही. एक दिवस आला. तुम्हाला बघायला सांगतोय ते एवढंच. विचार करताना काय वाटलं हे महत्त्वाचं नाही, तो निघून गेल्यावर जिभेवर चव कसली राहिली ते बघा. गोड खाल्ल्यावरही तोंड कडू होऊ शकतं.

पुढे मानरेसा ह्या गावात राहून त्याने हा अनुभव टिपून ठेवला. त्यातून आध्यात्मिक साधनेची पद्धत तयार झाली, आणि 1548 साली तिसरे पोप पॉल ह्यांनी तिला मान्यता दिली. पूर्ण साधना साधारण तीस दिवसांची. घरी करता येण्याजोगा भाग म्हणजे रात्रीचा आढावा. झोपण्याआधी पंधरा मिनिटं बसायचं आणि आजचा दिवस देवाबरोबर उलगडून पाहायचा. कुठे मन मोकळं झालं, कुठे आखडलं. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून.

त्याचा एक नियम माझ्या थेट कामी आला. मन उदास असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. सेमिनरीतल्या पहिल्या वर्षी, फेब्रुवारीत, माझी प्रार्थना पार सुकली. घरची वाडी आठवायची, रात्री झोप यायची नाही. पेटी भरून मी माझ्या मार्गदर्शक फादरांपुढे उभा राहिलो. ते म्हणाले, ‘जा हवं तर. पण आज नको.’ मला त्यांचा राग आला होता. मी थांबलो, आणि हळूहळू मन शांत झालं. त्यानंतर वर्षभराने, अगदी शांत असताना, रोज प्रार्थनेत तोच विचार येऊ लागला: हे जगणं चांगलं आहे, पण माझं नाही. ह्यात चिडचिड नव्हती, पळ काढणं नव्हतं. फादर म्हणाले, ‘आता जा.’

इथे मराठीत एक गंमत आहे. उदास आणि उदासीन हे शब्द अगदी शेजारचे, पण साधनेत त्यांचे अर्थ दोन टोकांना. उदास मनाने निर्णय घ्यायचा नाही. उदासीन झाल्याशिवाय, म्हणजे धर्मगुरू होणं आणि संसार करणं ही दोन्ही पारडी सारखी धरल्याशिवायही घ्यायचा नाही. आईवडिलांनो, ते पारडं आपण किती वेळा हळूच दाबतो! ‘घरात एक फादर हवाच’ हाही दाब, आणि ‘एकुलता एक आहे, नको रे’ हाही दाबच. चर्च स्वतः घाई करत नाही. पंचविसावं वर्ष पूर्ण होईपर्यंत कुणाला धर्मगुरुपदाची दीक्षा देत नाही.

मी परत आलो तेव्हा गावात ‘पळून आला’ असंच बोललं गेलं. आई वर्षभर माझ्यासमोर त्या विषयावर बोलली नाही. त्या दिवसांत मला आपल्या वसईच्या गोन्सालो गार्सियांचा फार आधार वाटला. त्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याला माहीत असतं, त्यांची अडलेली वाट माहीत नसते. वसईत येशूसंघीय, म्हणजे जेझुइट, धर्मगुरूंच्या हाताखाली शिकले, किशोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेले, तिथे वर्षानुवर्षं धर्मशिक्षण दिलं, जपानी भाषा आत्मसात केली. येशूसंघात घ्या म्हणून विनवत राहिले. घेतलं नाही. विवेकाची, म्हणजे हाक पारखण्याची, साधना जगाला शिकवणाऱ्या इग्नेशियसचाच तो संघ. शेवटी ते व्यापारात शिरले, चांगला जमही बसवला. पण ती हाक काही विझली नाही. मनिलात संत फ्रान्सिसच्या फ्रान्सिस्कन संघात ते ब्रदर, म्हणजे संघाचे व्रतस्थ सदस्य, झाले, धर्मगुरू नव्हे.

1593 साली फिलिपिन्सच्या गव्हर्नरतर्फे फ्रान्सिस्कनांचं शिष्टमंडळ जपानचा सत्ताधीश हिदेयोशी ह्याच्याकडे निघालं, तेव्हा दुभाषा हवा होता. जपानी कुणाला येत होतं? गोन्सालोंना. वाया गेली असं वाटलेल्या वर्षांत शिकलेली ती भाषा. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत ते होते. 1862 साली त्यांना संतपद मिळालं.

मी बाहेर पडल्यावर शिक्षक झालो. सेमिनरीत घोकलेलं लॅटिन फारसं कुठे उपयोगी पडलं नाही, हे कबूल करतो. पण वर्गात एखादा मुलगा गप्प बसला की त्याला आज काही विचारायचं नाही, उद्या विचारायचं, हे मी त्या फेब्रुवारीतच शिकलो.

बरं, सात वाजता जपमाळ आहे. त्याआधी प्रश्न घेऊ. मघाचा तो मुलगा कुठे आहे? ये, पुढे ये.