सातबाऱ्याची तारीख होते तेव्हा

(दृश्य : संगणकाचा पडदा. स्प्रेडशीटचा एकच रकाना. कुणीतरी सावकाश टाइप करतंय.)

१२/३ असा गट नंबर टाइप केला, एंटर दाबलं. पडद्यावर उमटलं १२ मार्च. खालच्या ओळीत ११२/३ टाइप केलं, ते जसंच्या तसं राहिलं. त्याखाली ७/२. त्याची झाली ७ फेब्रुवारी.

गावातल्या खातेदारांची यादी करायला बसलेल्या कुणालाही हे नवं नाही. सोसायटीचा गटसचिव असो, सेवा केंद्रावरचा ऑपरेटर असो, की अनुदानाची यादी करून देणारा शिकलेला पुतण्या. संगणकाला गट नंबर माहीत नाही. तिरप्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दिवस आणि महिना बसू शकतील असे आकडे दिसले की तो त्याची तारीख करतो. ११२ हा कुठल्याच महिन्याचा दिवस असू शकत नाही, म्हणून तेवढा एक नंबर बचावतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलमध्ये हे होतं, लिब्रऑफिस या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या कॅल्क नावाच्या स्प्रेडशीटमध्येही होतं.

मग माणूस घाबरतो. रकान्याचा प्रकार बदलून ‘टेक्स्ट’ करतो, आणि १२ मार्चच्या जागी ४६०९३ असा आकडा येतो. आता तर गट नंबरही गेला आणि तारीखही गेली.

(दृश्य : सेलू. संध्याकाळ. क्लासच्या खोलीत मुलं संगणक बंद करत आहेत.)

परभणी जिल्ह्यातलं सेलू. मनमाडहून नांदेडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं तालुक्याचं गाव. इथं एक बाई गेली बरीच वर्षं संगणकाचा क्लास चालवतात. सगळे त्यांना मॅडम म्हणतात, आपणही तेच म्हणू. शेवटची बॅच सुटली, जेवण झालं, की मॅडम पुन्हा संगणकापुढं बसतात. अनोळखी माणसांचे अडलेले प्रश्न वाचतात आणि जमेल त्याला मराठीत उत्तर लिहितात. याचे पैसे मिळत नाहीत, आणि त्यांनी ते कधी मागितलेही नाहीत.

असं काम जगभर चालतं, आणि त्यावर फार मोठं जग उभं आहे. लिब्रऑफिसचंच घ्या. २०१० साली ओपनऑफिस या तशाच सॉफ्टवेअरपासून वेगळं होऊन ते निघालं. बर्लिनची द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था त्याचं पाहते. ते फुकट मिळतं, म्हणून त्याच्या डब्यावर ग्राहक सेवेचा नंबर नसतो, कारण डबाच नसतो. अडलं तर विचारायचं, आणि ज्याला येतं त्याने सांगायचं. फायरफॉक्स या ब्राउझरच्या मदतीचंही बरंचसं काम स्वयंसेवकच करतात. त्यातली बहुतेक उत्तरं इंग्रजीत असतात. ती चांगली असतात, पण घनसावंगीच्या माणसाने काय म्हणून शोधायचं? त्याच्याजवळ शब्द आहे ‘गट नंबर’. तो टाकून शोधलं तर जमिनीच्या नोंदीच समोर येतात, संगणकाचं उत्तर येत नाही.

(ध्वनी : मोबाईलवरचा आवाज.)

“मॅडम, दोन दिस झालं करायलोय, जमनाच गेलंय. हिकडं नीट केलं की तिकडं बिघडायलंय. उद्या यादी द्यायचीय.”

सोबत पडद्याचा फोटो. मोबाईलने तिरपा काढलेला, वर ट्यूबलाइटची चमक. मॅडम तो मोठा करतात आणि आकडे वाचायच्या आधी ते रकान्यात कुठे टेकलेत ते पाहतात. काही नंबर रकान्याच्या डाव्या कडेला आहेत, काही उजव्या. डावीकडे आहे तो मजकूर, तो सुरक्षित आहे. उजवीकडे गेलं ते संगणकाने आकडा किंवा तारीख म्हणून घेतलेलं. एका नजरेत कळतं की शंभरातल्या नेमक्या कुठल्या ओळी बिघडल्या.

तरी त्या लगेच उत्तर देत नाहीत. लिहितात, “दादा, यादी गेलेली नाही, परत आणता येते. आधी त्या फाईलची एक कॉपी करून बाजूला ठेवा. मग सांगा, तुमच्या संगणकावर खाली उजव्या कोपऱ्यात आजची तारीख कशी दिसते? आधी दिवस का आधी महिना?”

या एका प्रश्नासाठी ही फिल्म करावी असं आम्हाला वाटलं. कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. भारतीय मांडणीच्या संगणकावर १२/३ म्हणजे १२ मार्च. अमेरिकन मांडणीवर तेच ३ डिसेंबर होतं, आणि दुकानातून आणलेल्या कित्येक संगणकांवर ती मांडणी तशीच राहिलेली असते. ४६०९३ हा आकडाही उगाच आलेला नाही. स्प्रेडशीट १९०० सालच्या सुरुवातीपासून दिवस मोजते, आणि १२ मार्च २०२६ चा तो क्रमांक आहे. म्हणजे आत दिवस आणि महिना दोन्ही शाबूत आहेत. टेक्स्ट नावाचं सूत्र घालून ते तिरप्या रेषेसह परत काढता येतात. फक्त आधी दिवस काढायचा का आधी महिना, हे ठाऊक पाहिजे. उलटं काढलं तर १२/३ चा ३/१२ होईल, आणि तो दुसऱ्याच कुणाचा तरी गट असेल. मराठवाड्यात बांधावरून काय काय होतं ते इथं सांगायला नको.

पुढच्या वेळेसाठी उपाय सोपा. टाइप करायच्या आधीच सगळा रकाना टेक्स्ट करायचा. नाहीतर नंबरच्या आधी एक एकेरी अवतरणचिन्ह द्यायचं.

हे दुखणं फक्त आपलंच आहे असंही नाही. माणसाच्या जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० साली काही जनुकांची नावंच बदलली. ‘मार्च१’ नावाच्या जनुकाची एक्सेलमध्ये तारीख व्हायची, म्हणून त्याचं ‘मार्चएफ१’ केलं. अशा नावांची आपोआप होणारी अदलाबदल बंद करायची सोय मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये दिली. शास्त्रज्ञांनी नाव बदललं. आपल्याला गट नंबर बदलता येत नाही.

(दृश्य : पडद्यावर एकाखाली एक दोनदा ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द. दोन्ही सारखेच.)

दुसरा प्रश्न याहून अवघड होता. धाराशिवहून आलेला. दोन याद्या जुळवायच्या होत्या. नावं तीच, गावं तीच, डोळ्यांना फरक दिसत नाही, पण संगणक म्हणतो जुळत नाही. तेही सगळी नावं नाहीत, ठरावीकच.

मॅडमनी न जुळणारी नावं मागवली. प्रत्येकात र चं ते आडवं रूप होतं, ‘ऱ्या’ किंवा ‘ऱ्हा’. ‘शेतकऱ्यांची’मध्ये असतं तेच, आपल्या ‘पऱ्हाटी’तही असतं. मराठीचं हे रूप संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या ठरलेल्या यादीत, ऱ ला स्वतंत्र जागा आहे, त्याला हलंत जोडून एक. साधा र घेऊन, हलंत देऊन, पुढे न दिसणारं एक जोडचिन्ह टाकून दुसरी. वेगळ्या कीबोर्डवर वेगळी तऱ्हा निघते. छापलं तर दोन्ही एकसारखीच, संगणकासाठी मात्र दोन वेगळे शब्द. एक यादी एका ऑपरेटरने केली होती, दुसरी दुसऱ्याने. शोधा-आणि-बदला करून एकच तऱ्हा सगळीकडे केली आणि याद्या जुळल्या.

हा प्रश्न परदेशातल्या कुणा हुशार माणसाला विचारला असता तरी त्याला तो लवकर उमगला नसता. तो हुशार असेलही, पण त्याने कधी पऱ्हाटी लिहिलेली नाही. आपले प्रश्न आपल्यातल्याच कुणीतरी उचलावे लागतील, हे मॅडम बोलून दाखवत नाहीत. रोज करून दाखवतात.

(दृश्य : मॅडम लिहीत आहेत. शेजारी दोन जुने विद्यार्थी.)

आता त्यांचे काही विद्यार्थीही उत्तरं लिहितात. त्यांना पहिली ताकीद असते, “रिइन्स्टॉल करून बघा” हे उत्तर द्यायचं नाही. ते कुठल्याही प्रश्नाला देता येतं, आणि विचारणाऱ्याची अर्धी रात्र त्यात जाते. दुसरी ताकीद आधार क्रमांकाची. लोक घाईत अख्खी यादी पाठवतात, त्यात नाव, आधार, खातं सगळं असतं. मॅडम आधी ते काढून टाकायला सांगतात, फोटो पुसायला लावतात, खोटी चार नावं घालून नवी फाईल मागतात. प्रश्न तसाही चार ओळींत दिसतोच. दूरवरून तुमचा संगणक हाताळू द्या असंही त्या कुणाला म्हणत नाहीत. मदतीच्या नावाखाली लुबाडणारे इतके झालेत की खऱ्या मदतीनेच आता जपून राहावं लागतं. कुणी फसलेला माणूस प्रश्न घेऊन आलाच, तर बाकी सगळं थांबवून त्याला आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगतात.

बँक खात्याच्या क्रमांकाचा प्रश्न दर हंगामात येतो. स्प्रेडशीट आकड्यातले पहिले १५ अंकच धरून ठेवते. क्रमांक १६ अंकी असेल तर शेवटचा अंक शून्य होतो. सुरुवातीला शून्य असेल तर तो गळतो. तारीख परत आणता येते, हे मात्र परत आणता येत नाही, मूळ पासबुक पाहूनच भरावं लागतं. हे लिहिताना मॅडमचा हात जड होतो, पण त्या ते स्पष्ट लिहितात. परत येणार नाही त्याला येईल म्हणणं त्यांना पटत नाही.

आणि अडचण सुटली की त्या पुन्हा विचारतात, “झालं का दादा? कशानं झालं ते एक ओळ लिहा.” बरेच जण काम झालं की निघून जातात. पण ती एक ओळ पुढच्याला लागते. महिन्यांनी भूम किंवा किनवटचं कुणीतरी तिथंच येऊन अडणार असतं, आणि उत्तर खरंच चाललं का, हे त्याला त्या ओळीवरूनच कळतं.

(दृश्य : विद्यार्थी पडद्याकडे बोट दाखवत काहीतरी सांगतोय.)

आजचा प्रश्न हिंगोलीचा आहे. पतसंस्थेच्या नोटिसा काढायच्यात. स्प्रेडशीटमध्ये तारीख बरोबर आहे, पण मेल मर्ज करून, म्हणजे यादीतली माहिती प्रत्येकाच्या पत्रात आपोआप भरून, पत्रात आली की दिवस आणि महिना उलटे होतात. मुलाला वाटतंय, पत्रातल्या त्या जागेला तारखेची मांडणी नेमून दिली की होईल. मॅडम म्हणाल्या, आधी इथं करून बघ, मग लिही. त्याने चार खोटी नावं टाइप केली, पहिल्या नावापुढं ५ ऑगस्ट टाकला आणि पत्र काढलं. ८ मे आलं. आता तो मांडणी बदलतोय.