नागपूरच्या उन्हाळ्यात बिनमशीनचा सेमीफ्रेडो

(दृश्य: सुरीनं कापलेला एक चॉकलेटी तुकडा, स्टीलच्या ताटलीत)

आइस्क्रीमचं मशीन नाही, जिलाटोचं तर नाहीच नाही, आणि तरी हा जो तुकडा दिसतोय ना, सुरीनं सरळ कापला जातो, तोंडात टाकला की लगेच विरघळतो, दाताखाली बर्फाचा एक कण लागत नाही, तो बनलाय नागपुरात, महाल भागातल्या एका घरात, साध्या फ्रीजमध्ये आणि तेही मे महिन्यात. ह्याला म्हणतात सेमीफ्रेडो. इटलीतला गोठवलेला गोड पदार्थ, आणि ह्यात मुख्य चव आहे चॉकलेट-हेझलनट स्प्रेडची, लहान मुलं पोळीला लावून खातात ना, तोच.

मशीन का लागत नाही ते आधी समजून घेऊ, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

घरी हातानं फिरवायचा आइस्क्रीमचा पॉट ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवत असेल, लाकडी बादली, मध्ये डबा, भोवती बर्फ आणि जाडं मीठ, आणि घरातली पोरं पाळीपाळीनं हँडल फिरवत बसायची. मिठामुळे बर्फाचं तापमान शून्याच्या खाली उतरतं, प्रमाण बरोबर जमलं तर उणे २१ अंशापर्यंत, आणि हँडल फिरवायचं कशासाठी, तर डब्याच्या कडेला पाण्याचे स्फटिक धरतात ते खरवडले जावेत, मोठे होऊ नयेत, आणि सोबत थोडी हवा आत जावी म्हणून. मशीनही हेच करतं, फक्त वीजेवर. सेमीफ्रेडोमध्ये काय केलंय तर हवा आधीच भरून घ्यायची, गोठवायच्या आधी, फेटून फेटून, आणि मग डब्यात ओतून फ्रीजरमध्ये ठेवायचं, त्यानंतर हात लावायचा नाही. हवेचे बारीक बुडबुडे मध्ये असल्यामुळे बर्फाला सलग घट्ट धरायला जागाच मिळत नाही, आणि साखर आणि फॅट दोन्ही भरपूर असल्यामुळे पाणी पूर्ण दगड होत नाही. बस, एवढंच तत्त्व आहे.

पण हवा भरायची कशात, तर क्रीममध्ये, आणि इथं नागपूर आडवं येतं.

(दृश्य: पहाटेचं स्वयंपाकघर, खिडकीबाहेर अजून अंधार)

नवतपा सुरू आहे, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस. दुपारी पारा ४५ च्या पुढे जातो, हॉलमध्ये कूलर असतो पण त्याची हवा स्वयंपाकघरापर्यंत येत नाही, आणि ओट्याचा दगड रात्री पण कोमटच लागतो. क्रीम फेटल्यावर उभं राहतं ते कशामुळे, तर त्यातले फॅटचे कण थंड असताना अर्धवट घट्ट असतात, फेटताना ते एकमेकांना चिकटतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती भिंत तयार करतात. क्रीम गरम असेल तर हे कण मऊ पडतात, भिंत उभीच राहत नाही, मग कितीही वेळ बीटर फिरवा. म्हणून ह्या घरातल्या काकू पहाटे पाचला उठून क्रीम फेटतात. पातेलं आणि बीटरची पाती रात्रभर फ्रीजरमध्ये, आणि फेटताना पातेलं बर्फाच्या पाण्यानं भरलेल्या परातीत.

"दुपारी फेटशील ना, तर काहीच नाही होत, नुसतं पातळच राहते," काकू सुनेला सांगून राहिल्या आहेत. "आणि हे पाय, पाती फिरवताना खुणा दिसायला लागल्या की थांबायचं, पुढे गेलं की लोणी."

लोणी खरंच निघतं. घुसळायची क्रिया तीच आहे, फक्त इथं आपल्याला अलीकडे थांबायचं असतं, आणि ज्या बाईनं वर्षानुवर्षं साय साठवून लोणी काढलंय तिच्या हाताला हा क्षण आपोआप कळतो, कोणत्याही व्हिडिओपेक्षा चांगला, असं माझं स्पष्ट मत आहे.

क्रीम कोणतं, हा प्रश्न मात्र महत्त्वाचा. दुकानात जे साधं फ्रेश क्रीम मिळतं त्यात फॅट २५ टक्क्यांच्या आसपास असतं, ते भाजीत चालतं, इथं नाही, ते उभं राहत नाही. किमान ३० टक्के हवं, ३५ मिळालं तर उत्तम, आणि पाकिटावर लिहिलेलं असतं ते वाचून घ्या. केकवाल्यांच्या सामानाच्या दुकानात नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम पण मिळतं, ते पटकन फुलतं, उन्हात टिकतं पण जास्त, पण ते वनस्पती तेलाचं असतं आणि बहुतेक वेळा आधीच गोड, त्यामुळे दुधाची चव त्यात शोधू नका. काकू दुधाचंच घेतात.

(दृश्य: स्प्रेडची बाटली, आत चमचा)

आता हा स्प्रेड. उन्हाळ्यात तो इकडे बाटलीतच पातळ झालेला असतो आणि ह्या कामासाठी ते बरंच आहे. पण तो मुळात जन्माला कसा आला ते ऐका, कारण टंचाईतून आलाय.

उत्तर इटलीत तुरिन म्हणून शहर आहे, चॉकलेटसाठी प्रसिद्ध. १८०६ मध्ये नेपोलियननं इंग्लंडच्या व्यापाराची नाकेबंदी जाहीर केली, तुरिन तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात, आणि समुद्रावरून येणारा कोको महाग झाला. जवळच लांगेच्या टेकड्यांवर हेझलनट भरपूर पिकायचं. तर तिथल्या चॉकलेटवाल्यांनी कोको कमी करून त्यात भाजलेल्या हेझलनटची पूड मिसळली, असं सांगतात. त्या मिश्रणाला पुढे जांदुया हे नाव मिळालं, तुरिनच्या कार्निव्हलमधलं एक पात्र आहे त्याच्यावरून, आणि १८६५ मध्ये काफारेल कंपनीनं त्याच्या छोट्या कागदात गुंडाळलेल्या वड्या काढल्या. मग दुसरं महायुद्ध, पुन्हा कोकोची बोंब. तुरिनपासून फार लांब नाही असं आल्बा गाव, तिथं पिएत्रो फेरेरो नावाचे मिठाईवाले, त्यांनी १९४६ मध्ये हेझलनट-कोकोची एक लादी बाजारात आणली, कापून पावावर ठेवायची. १९५१ मध्ये ती मऊ, लावता येईल अशी झाली, सुपरक्रेमा नावानं. आणि त्यांचा मुलगा मिकेले, त्यानं १९६४ मध्ये कृती सुधारून न्युटेला आणलं. त्याच फेरेरोचा एक कारखाना आपल्या बारामतीला आहे, किंडर जॉय आणि टिक टॅक बनतात तिथं.

बाटलीवर वाचून बघा, हेझलनट १३ टक्के, कोको ७ टक्क्यांच्या थोडं वर, बाकी मुख्यतः साखर आणि पाम तेल. हे माहीत असलं की कृती आपोआप सुधारते, म्हणजे वेगळी साखर कमी घालायची, कारण साखर जास्त झाली तर चव तर बिघडतेच पण गोठणबिंदू इतका खाली जातो की डबा रात्रभर ठेवून पण मऊ चिखल राहतो.

काकूंचं माप असं. चार अंड्यांचे पिवळे बलक, ६० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम स्प्रेड, ४०० मिली क्रीम, चिमूटभर मीठ. बलक आणि साखर एका पातेल्यात, ते पातेलं उकळत्या पाण्याच्या भांड्यावर, पाण्याला टेकू द्यायचं नाही, आणि सतत फेटत राहायचं जोवर फिकट, जाडसर, आणि दुप्पट होत नाही तोवर. तापमान ७५ च्या आसपास जाऊ द्या, कच्च्या अंड्याची भीती राहत नाही, ८५ च्या पुढे गेलं तर मात्र बलक फुटतो, गुठळ्या होतात. हे थंड करायचं आणि मग त्यात स्प्रेड.

काकूंच्या सासूबाई अंडं खात नाहीत, त्यामुळे ह्या घरात दुसरा डबा असतो, त्यात बलकाऐवजी कंडेन्स्ड मिल्क, आणि वरची साखर अजिबात नाही. तो जरा जड होतो, अंड्यामुळे येणारा हलकेपणा त्यात नाही, पण चवीला काही कमी नाही.

स्प्रेडमध्ये थेंबभर दूध किंवा पाणी पडलं तर तो पातळ व्हायच्या ऐवजी घट्ट गोळा होतो, कारण त्यातली साखर तेवढंच पाणी ओढून एकमेकीला चिकटते, म्हणून दूध घालायचं तर घसघशीत घाला, नाहीतर घालूच नका. काकू आधी दोन मोठे चमचे फेटलेलं क्रीम स्प्रेडच्या मिश्रणात मिसळून घेतात, ते हलकं झालं की मग बाकीचं क्रीम तीन वेळा करून, स्पॅटुलानं खालून वर, गोल गोल न ढवळता.

"अगं हळू ना, हवा जाऊन राहिली त्यातली!"

सून हसते, पण हात लगेच हळू होतो.

(दृश्य: केकचा लांबट टिन, आत क्लिंग फिल्म)

क्लिंग फिल्म लावलेल्या टिनमध्ये मिश्रण ओतायचं, वर पण फिल्म चिकटवून टाकायची, आणि फ्रीजरच्या सगळ्यात आत, दारापासून लांब. आठ तास तरी. दरम्यान दार उघडायचं नाही, घरात मुलं असतील तर दारावर चिठ्ठीच लावा. आणि लाइट गेली तर? उन्हाळ्यात इकडे जाते, त्यात नवल नाही. तासाभरानं काही होत नाही, दार बंद ठेवा. पण मिश्रण पूर्ण वितळलं तर परत गोठवू नका, हवा एकदा गेली की गेली, दुसऱ्यांदा त्याचा नुसता गोड बर्फ होतो.

वर भुरभुरायला इटलीत भाजलेलं हेझलनट असतं. नागपुरात मिळतं, सगळं बाहेरून आलेलं, आणि भाव तसाच. काकू चारोळी घेतात. गडचिरोली-मेळघाटच्या जंगलात चाराची झाडं आहेत, तिथली चारोळी आपण श्रीखंडात, बासुंदीत घालतोच की. मंद आचेवर कोरडी भाजली की तिला जो तेलकट, गोडसर वास सुटतो तो ह्या चॉकलेटबरोबर इतका बसतो की मला तर हेझलनटची आठवण झाली नाही. हिवाळ्यात करत असाल तर आंबिया बहाराच्या संत्र्याची साल बारीक किसून घाला, फक्त वरची नारिंगी, आतली पांढरी कडू असते.

खायला देताना पुस्तकांत लिहिलेलं असतं की दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. मे महिन्यात इथं दोन मिनिटं पुरतात, ताटल्या आधीच फ्रीजरमध्ये ठेवलेल्या असाव्यात, आणि सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्यायची, मग काप स्वच्छ निघतो. उरलेलं लगेच फिल्ममध्ये बांधून आत टाका आणि आठवड्याभरात संपवा, त्यानंतर फ्रीजरचा वास धरतो आणि कडेनं बर्फ जमायला लागतो.