एक पलंग, दोन पांघरुणं

नमस्कार. मागपर्यंत आवाज येतोय ना? घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून आज जे कोणी इथे नौपाड्यात वेळेवर पोचलेत त्यांचे खास आभार, कारण त्यांचा खरा प्रवास तोच झालाय, माझा त्यापुढे काहीच नाही.

मला विषय दिलाय हिवाळ्यात परदेशात जोडीने फिरणं. मी काही ट्रॅव्हल एक्स्पर्ट वगैरे नाही हो, बँकेत नोकरी करते. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा आम्ही दोघंच बाहेर पडलो, २३ डिसेंबर ते २ जानेवारी, ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना. आता दोघंच म्हणजे काय ते मला तिथे गेल्यावर कळलं. घरी आपण दोघं असतो कधी? नवरा सकाळची फास्ट लोकल पकडतो, मी माझ्या ब्रँचला, संध्याकाळी सासूबाई, टीव्ही, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, दिवसाकाठी जेमतेम तासभर एकमेकांच्या वाट्याला येतो आणि तोही 'गॅस बुक केलास का' मध्येच संपतो. आणि तिकडे एकदम चोवीस तास, आणि खोली एवढीशी की एकाने बॅग उघडली की दुसऱ्याने पलंगावर मांडी घालून बसायचं.

पहिलं भांडण तर ठाण्यातच झालं, व्हिसावरून. शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, त्याचा नियम असा की ज्या देशात जास्त रात्री राहणार त्यांच्याकडे अर्ज करायचा. त्याला शेजारच्या चेक देशातलं प्राग पण हवं होतं, मला एकच शहर नीट बघायचं होतं, मग रात्री मोजत बसलो, पाच इकडे, पाच तिकडे, शेवटी मी म्हटलं अरे आपण फिरायला चाललोय की हिशेब जुळवायला? माणशी ९० युरो फी, अर्ज फेटाळला तरी ती परत नाही, शिवाय निदान ३०,००० युरोचं कव्हर असलेला इन्शुरन्स लागतो. सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, आणि डिसेंबरला जायचं असेल तर दसऱ्यापर्यंत थांबू नका. आम्ही थांबलो. पासपोर्ट हातात पडला तेव्हा विमानाला चार दिवस राहिले होते, त्या आठवड्यात आमच्या घरात कोणी कोणाशी सरळ बोलत नव्हतं.

खाण्याचं पण सांगते, कारण बायका मला जिन्यात गाठून हेच विचारतात. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे, म्हणजे पेढे नाहीत, पनीर नाही, तूप नाही. सासूबाईंनी कणीदार तुपाची बरणी भरून ठेवली होती ती मीच बाहेर काढली, त्याचं अजून ऐकून घेते. फळांवर पण बंधनं आहेत, मात्र नारळ चालतो म्हणे, केळं पण. आता व्हिएन्नाला नारळ नेऊन कोण फोडणारे ते मला माहीत नाही. आम्ही भडंग, चटण्या आणि तेलातले ठेपले नेले. आणि ते वाचले म्हणून बरं, कारण २४ तारखेला दुपारनंतर दुकानं पटापट बंद होतात, २५ आणि २६ पूर्ण सुट्टी, मोठ्या स्टेशनातलं एखादं सुपरमार्केट सोडलं तर किराणा काही मिळत नाही. ख्रिसमसच्या रात्री आम्ही खिडकीत बसून भडंग खाल्लं. रोषणाईसाठी जायचं असेल ना, तर खरं सांगते, डिसेंबरच्या सुरुवातीला जा, बाजार नोव्हेंबरच्या मध्यापासून लागलेले असतात, शाळांना सुट्ट्या नसतात आणि विमानाचं तिकीट पण एवढं चावत नाही.

आणि बर्फ, बर्फ म्हणून सगळे जातात, शहरात बर्फ असेलच असं नाही. आम्हाला मिळालं ते करडं आभाळ आणि हाडात शिरणारा गारठा. ठाणं १९ अंश अक्षांशावर, व्हिएन्ना ४८ वर, त्यामुळे तिथे डिसेंबरात दिवस जेमतेम सव्वाआठ तासांचा. पावणेआठला उजाडतं, चारला सूर्य बुडाला. चारला! आपल्याकडे तेव्हा तलावपाळीवर भेळवाला नुकती गाडी लावत असतो.

तर आमची सगळी भांडणं चार ते पाचमधली. मी नंतर डोक्यात मांडून बघितलं, एकही सकाळचं नाही. अंधार पडलेला, पाय भिजलेले, पोटात काही नाही, मोबाइलची बॅटरी थंडीने अचानक मान टाकते, आणि दोघांपैकी एक जण म्हणतो 'तू म्हणालीस म्हणून इकडे वळलो'. एकदा तर टाउन हॉलसमोरच्या बाजारात मगवरून भांडलो. तिथे गरम पंच चिनीमातीच्या मगमध्ये देतात आणि मगचं डिपॉझिट घेतात, तो मग परत करा नाहीतर घरी न्या. मला तो न्यायचा होता, बुटाच्या आकाराचा होता हो, लाल. तो म्हणाला बॅगेत जागा नाही. मी म्हटलं तुझ्या रेल्वेच्या पुस्तकाला आहे ना. पाच युरोच्या मगसाठी आम्ही अर्धा तास ट्रामच्या स्टॉपवर एकमेकांकडे पाठ करून उभे होतो, दोन ट्राम सोडल्या.

त्या रात्री मला ते पांघरूण नीट दिसलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून होतंच, पण मी हॉटेलवाल्यांची चूक समजत होते. पलंग एकच, डबल, पण पांघरुणं दोन, सिंगल, लांबट घडी घालून शेजारी शेजारी ठेवलेली. तिकडे नवराबायकोची हीच पद्धत आहे. मला आधी वाटलं काय कोरडी माणसं आहेत ही, आणि मग लक्षात आलं की तीन रात्री झाल्या, मी एकदाही थंडीने जागी झाले नव्हते. घरी हा माणूस पहाटे अख्खी रजई घेऊन कूस बदलतो, बावीस वर्षं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी म्हटलं, आज तू तुझं जा, मी माझं. त्याचा चेहरा पडला, मग मिनिटभरात उजळला पण, ते मी बघितलं. तो सेमरिंगला गेला. आता हा माणूस पक्का ठाणेकर, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून आपल्याकडे पहिली गाडी आली हे तो पाहुण्यांना चहाआधी सांगतो. तर आपली गाडी आली त्याच्या पुढच्याच वर्षी, १८५४ ला, तिकडे आल्प्समधून सेमरिंगची घाटरेल्वे सुरू झाली, ४१ किलोमीटर, १४ बोगदे, १६ मोठे पूल, आज तो जागतिक वारसा आहे. आपली बोरघाटातली रेल्वे १८६३ ची. त्याला हे सगळं तोंडपाठ, मला त्यातलं काही नको होतं, आणि मी सोबत असते तर अर्ध्या तासात 'आता पुरे' म्हटलं असतं.

मी म्युझियममध्ये गेले. ब्रूगेल नावाच्या चित्रकाराचं १५६५ चं एक चित्र आहे, शिकारी बर्फातून परत येतायत, पाठमोरे, थकलेले, पूर्ण शिकार म्हणजे एक कोल्हा, कुत्र्यांच्या पण माना खाली, आणि खाली गोठलेल्या तळ्यावर लोक घसरगुंड्या खेळतायत, कोणाचं वर लक्षच नाही. मी त्याच्यासमोर पाऊण तास बसले. कोणी म्हणालं नाही चल.

संध्याकाळी सातला भेटलो, चार ते पाच टळलेले. त्याचे मोजे ओले, नाक लाल, खरा बर्फ बघून आलेला, मी चित्रातला बघून. आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा तो मला काहीतरी सांगत होता जे मला आधीच माहीत नव्हतं, सूप गार झालं तरी आम्ही बोलत होतो. पुढे रोज दुपारचे दोन-तीन तास वेगळे, हा नियमच केला. ३१ च्या रात्री मात्र एकत्र, तिथे बाराला स्टीफन कॅथेड्रलची मोठी घंटा वाजते आणि लगेच 'ब्लू डॅन्यूब'चा वॉल्ट्झ लागतो, गर्दीत लोक नाचतात. आम्ही पण नाचलो. त्याला लेझीमशिवाय काही येत नाही, तेच केलं.

परत आल्यावर पहिल्या रविवारी मी जांभळी नाक्यावरून दोन सिंगल रजया घेऊन आले. सासूबाईंनी पिशवी उघडली, दोन्ही रजया बाहेर काढून बघितल्या आणि मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच विचारलं, "तिकडे काय झालं गं तुमच्यात?"