गोधडीच्या पोटात

ग्वाल्हेर. लष्कर भागातल्या एका जुन्या वाड्याची गच्ची. चार दिवस धुकं हटलं नव्हतं. आज ऊन पडलंय, म्हणून आत्यानं सतरंजी अंथरली आणि तिच्यावर ही गोधडी पालथी घातली.

माझ्या आजीनं शिवलेली. कड विरलीय, एका कोपऱ्यातून बोट आरपार जातं. आत्या ब्लेडनं एकेक टाका उसवते आहे.

आतून काय निघालं बघा. दुसरी गोधडी! तिचे टाके वेगळे आहेत, आजीच्या टाक्यांहून लांब, जरा तिरपे. आत्याचा हात थांबतो. "ही आईची नाही गं. ही माझ्या आजीची."

आमच्याकडे विरलेली गोधडी टाकून देत नसत. तिच्यावर नवा पदर चढवायचा, म्हणजे जुनी पोटात जायची.

इथले शेजारी हिला कथरी म्हणतात. संस्कृतातली कंथा ती हीच, आणि बंगालची कांथाही तिचीच बहीण. रजई वेगळी. तिच्यात कापूस असतो, त्याचे गोळे झाले की उसवून पुन्हा पिंजून आणावा लागतो. गोधडीत नुसते कापडाचे थर. त्या थरांमध्ये हवा अडकते आणि तीच ऊब धरून ठेवते. जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो, तेव्हा आम्ही अंगाखाली एक घालतो आणि अंगावर एक घेतो.

पण कापड जुनंच का? घरात नवं नव्हतं म्हणून, असं मी बरीच वर्षं समजत होते. खरं कारण आत्यानं सांगितलं. नवं सुती कापड धुतलं की आटतं. नवं-जुनं एकत्र शिवलं तर पहिल्याच धुण्यात एक थर ओढला जातो, दुसरा फुगतो. वीस वर्षं धुतलेलं लुगडं आटायचं तेवढं आटून गेलेलं असतं. शिवाय ते इतकं मऊ होतं की चार-पाच थरांतूनही सुई अडत नाही. गोधडीला जुनं कापड चालतं असं नाही, जुनंच लागतं.

हे आजीचं नऊवारी. आठ मीटरांहून थोडं जास्त. त्याचे चार सारखे तुकडे होतात. दोन जोडून खालची बाजू, दोन जोडून वरची. जरीचा काठ टोचतो, म्हणून तो आधीच काढला. आत आजोबांची धोतरं, माझा शाळेचा पांढरा शर्ट. गुंड्या काढल्या, जाड शिवणी कापून टाकल्या. हा पट्ट्यापट्ट्यांचा तुकडा इथल्याच बिर्लानगरच्या जेसी मिलच्या कापडाचा. मिल नव्वदच्या दशकात बंद पडली, कापड अजून टिकून आहे.

चार कोपऱ्यांवर वजनं: वरवंटा, खलबत्ता, दोन विटा. आधी कच्चा टाका, मग धावदोरा. दोरा सुतीच हवा, नायलॉनचा जुन्या कापडाला कापत जातो, असं आत्या म्हणते. कडेपासून सुरुवात करून गोल गोल आत यायचं, दोन ओळींत बोटभर अंतर. मी हिशोब केला. दोन मीटर लांब, सव्वादोन मीटर रुंद गोधडीला दोनशे मीटरांहून जास्त धावदोरा लागतो, सगळा हातानं. मशीनवर दोन तासांत होईल, पण ती पुठ्ठ्यासारखी ताठ होते, मला ती अंगावर घ्यावीशी वाटत नाही.

"आत्या, आतली पण उसवून बघू या? तिच्यात काय असेल?"

"नको. राहू दे तिला तिथेच."

तिला तशीच मधे ठेवून वर नवा पदर अंथरला.

अठरा दिवस झाले. मधोमध वीतभर चौकोन उरलाय. ऊन गच्चीच्या कठड्यावर गेलं, आत्याला आता दिसत नाही. ती सुई माझ्या हातात देते.

माझे टाके लांब पडतात, जरा तिरपे. आत्या त्यांच्यावरून बोट फिरवते. काही बोलत नाही.