बर्लिनची भिंत कुठे गेली?

[दृश्य: झिमरश्ट्रासे. रस्त्यात बसवलेल्या दगडांची दुहेरी ओळ. कॅमेरा जमिनीलगत.]

बर्लिनला आलेला पाहुणा पहिल्याच दिवशी विचारतो, "भिंत कुठे आहे?" उत्तर देताना इथली माणसं जरा घुटमळतात, कारण बहुतेक ठिकाणी ती उरलेलीच नाही. शहराच्या मध्यभागी ती जिथून जायची, तिथे रस्त्यात दगडांची ही दुहेरी ओळ बसवलीय. अधूनमधून एक धातूची पट्टी लागते: 'बर्लिनची भिंत १९६१–१९८९'. ओळ रस्ता ओलांडते, फुटपाथवर चढते, उभ्या मोटारींच्या खालून जाते. मध्ये एखादी नवी इमारत आली की थांबते आणि पलीकडून पुन्हा सुरू होते.

एक गैरसमज आधीच दूर करू. शहराच्या मधोमध एक भिंत, एका अंगाला पूर्व आणि दुसऱ्या अंगाला पश्चिम, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात भिंत होती पश्चिम बर्लिनभोवती. अख्ख्या शहराला वळसा घालणारी, जवळपास १५५ किलोमीटरची. त्यातली ४३ किलोमीटर दोन बर्लिनच्या मधून जायची. उरलेली पश्चिम बर्लिन आणि भोवतालचा पूर्व जर्मनीचा मुलूख यांच्यामध्ये होती, कारण मुळात बर्लिन शहरच पूर्व जर्मनीच्या पोटात होतं. वेढा पडला आतल्यांना, आणि कोंडले गेले बाहेरचे.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. काटेरी तारा, विटा रचणारे कामगार, पहारा देणारे सैनिक.]

१९४५ मध्ये युद्ध संपलं आणि अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ या चार विजेत्यांनी शहराचे चार विभाग केले. सोव्हिएत विभाग म्हणजे पूर्व बर्लिन, उरलेले तीन मिळून पश्चिम. १९४९ मध्ये दोन जर्मनी झाल्या. तरी बर्लिनमध्ये लोकलनं इकडून तिकडे जाता येत होतं, आणि लोक जात होते. कित्येक जण कायमचेच. भिंत उभी राहीपर्यंतच्या बारा वर्षांत पंचवीस लाखांहून जास्त माणसांनी पूर्व जर्मनी सोडली. त्यात डॉक्टर होते, इंजिनिअर होते, नुकते हाताशी आलेले तरुण कारागीर होते. देश असा रिकामा होताना बघणं सरकारला परवडणारं नव्हतं. १५ जून १९६१ च्या पत्रकार परिषदेत पूर्व जर्मनीचे नेते वाल्टर उल्ब्रिख्त म्हणाले, "भिंत बांधण्याचा कुणाचाही इरादा नाही." विशेष म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या पत्रकार बाईंनी भिंतीचं नावही काढलं नव्हतं. दोन महिन्यांच्या आत, १३ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर, तारा ओढायला सुरुवात झाली. वार निवडला होता रविवार. शहर झोपलेलं होतं.

[दृश्य: डालेम. झाडांनी भरलेला रस्ता, जुनी संस्था.]

इथे एक वळसा, खास मराठी प्रेक्षकांसाठी. १९२८ ते १९३० या काळात इरावती कर्वे बर्लिनमध्ये पीएच.डी. करत होत्या. त्यांची मानववंशशास्त्राची संस्था शहराच्या नैर्ऋत्येला, डालेममध्ये. पदवी देणारं विद्यापीठ मात्र शहराच्या मध्यभागी, उंटर डेन लिंडेन या राजरस्त्यावर. पुढे फाळणी झाली तेव्हा संस्थेची इमारत अमेरिकन विभागात आली आणि विद्यापीठ सोव्हिएत विभागात. तिथल्या दडपणाला कंटाळलेल्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी १९४८ मध्ये डालेममध्ये निराळं विद्यापीठ काढलं, आणि इरावतीबाईंच्या संस्थेच्या इमारतीत आज त्याच विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग भरतो. नाझी काळात या संस्थेनं वंशशुद्धीच्या नावाखाली काय काय केलं, त्याची आठवण देणारा फलक इमारतीवर आहे. पर्यटक सहसा इतक्या लांब येत नाहीत.

[दृश्य: बर्नाउअर श्ट्रासे. गवताचा लांब पट्टा, गंजलेल्या लोखंडी सळ्यांची रांग.]

भिंत समजून घ्यायची तर बर्नाउअर श्ट्रासेवर यावं. बर्लिनमध्ये एकच दिवस हातात असेल, तरी तो इथे घालवावा.

या रस्त्याची रचनाच विचित्र होती. एका बाजूची घरं पूर्वेत, आणि घरांसमोरचा फुटपाथ पश्चिमेत. म्हणजे दारातून पाऊल बाहेर टाकलं की दुसऱ्या राज्यात. ऑगस्टमध्ये पोलिसांनी दारं बंद केली. लोक खिडक्यांतून उतरू लागले. मग खालच्या खिडक्या विटांनी बुजवल्या. लोक वरच्या मजल्यांवरून उड्या घेऊ लागले. खाली पश्चिमेचे अग्निशामक दलाचे जवान चादरी ताणून उभे. २२ ऑगस्टच्या सकाळी इडा झीकमान या बाईंनी आधी अंथरूण-पांघरूण खाली टाकलं आणि तिसऱ्या मजल्यावरून उडी घेतली. चादर ताणायला कुणाला वेळच मिळाला नाही. भिंतीचा हा पहिला बळी. दुसऱ्या दिवशी त्यांचा एकोणसाठावा वाढदिवस होता.

सप्टेंबरपासून घरं रिकामी करवली. पुढे ती पाडली, पण तळमजल्याच्या दर्शनी भिंती सरहद्द म्हणून बरीच वर्षं तशाच ठेवल्या. सगळ्या जगानं पाहिलेली ती गुळगुळीत काँक्रीटची भिंत नंतरची, सत्तरच्या दशकातली. एकेक पॅनेल ३.६ मीटर उंच, पकड बसू नये म्हणून वर गोल पाइप. आणि तीही एकटी नव्हती. पूर्वेकडून आधी आतली भिंत, मग धोक्याची सूचना देणारी तार, टेहळणीचे मनोरे, दिव्यांची रांग, पावलं उमटावीत म्हणून विंचरून ठेवलेली वाळू, आणि सगळ्यात शेवटी ही बाहेरची भिंत. आज या रस्त्यावर भिंतीचं स्मारक आहे. त्याच्या समोरच्या उंच गच्चीवरून खाली पाहिलं की हा सगळा मृत्युपट्टा एका तुकड्यापुरता जसाच्या तसा दिसतो.

[दृश्य: लंबवर्तुळाकार प्रार्थनागृह. मातीच्या भिंतीचा क्लोजअप.]

याच पट्ट्यात एक चर्च अडकलं होतं. १८९४ मध्ये बांधलेलं, समेटाच्या नावाचं. त्याचे बहुतेक भाविक पश्चिमेत आणि इमारत पूर्वेच्या ताब्यात. वर्षानुवर्षं ते रिकामं उभं होतं आणि त्याच्या मनोऱ्यातून सैनिक पहारा देत. जानेवारी १९८५ मध्ये सरकारनं ते सुरुंग लावून उडवलं. आधी मुख्य इमारत, आठवड्याभरानं मनोरा. मनोऱ्यावरचा क्रॉस शेजारच्या दफनभूमीत जाऊन पडला. तिथल्या कामगारांनी तो गुपचूप लपवून ठेवला. त्यानंतर पाच वर्षं व्हायच्या आतच भिंत पडली.

आज तिथे जे प्रार्थनागृह आहे, ते ९ नोव्हेंबर २००० रोजी खुलं झालं. भिंती कुटून दाबलेल्या मातीच्या, आणि त्या मातीत जुन्या चर्चच्या विटांचा चुरा. जवळ जाऊन पाहा, लालसर तुकडे स्पष्ट दिसतात. आठवड्यातले काही दिवस दुपारी बारा वाजता इथे भिंतीच्या एका बळीची जीवनकथा वाचली जाते. भोवती मृत्युपट्ट्याच्याच जमिनीत राय नावाचं धान्य पेरतात. दरवर्षी कापणी होते.

भिंतीपायी किमान १४० माणसं मेली, असं इथल्या संशोधकांनी नोंदवलंय. त्यांचे फोटो ओळीनं लावलेत. काही चौकटी फोटोविना रिकाम्या आहेत.

[दृश्य: जमिनीत बसवलेल्या धातूच्या पट्ट्या. भुयाराचा मार्ग.]

गवतातल्या या पट्ट्या भुयारांच्या खुणा. सगळ्यात गाजलेलं भुयार १९६४ च्या ऑक्टोबरमधलं. पश्चिमेच्या विद्यार्थ्यांनी एका बंद पडलेल्या बेकरीच्या तळघरातून खणायला घेतलं आणि सुमारे १४५ मीटर पुढे, पूर्वेतल्या एका वाड्याच्या परसातल्या संडासात ते वर निघालं. दोन रात्रींत ५७ माणसं सुटली. खणणाऱ्यांमधले राइनहार्ड फुरर पुढे १९८५ मध्ये अंतराळवीर म्हणून अवकाशात गेले.

पण दुसऱ्या रात्री सैनिक आले, गोळीबार झाला आणि एगॉन शुल्ट्झ हा एकवीस वर्षांचा पूर्व जर्मन सैनिक मेला. सरकारनं त्याला हुतात्मा केलं. त्या रस्त्याला त्याचं नाव दिलं, शाळांना दिलं. पळवून नेणाऱ्यांनी त्याचा खून केला, असं पोरांना शिकवलं. देश एक झाल्यावर कागदपत्रं उघडली तेव्हा कळलं, भुयारवाल्यांची गोळी त्याला लागली होती खरी, पण जीव घेतला तो त्याच्याच साथीदाराच्या रायफलीनं. सरकारला हे तेव्हाच माहीत होतं. कर्तव्यावर मेलेल्या अशा सैनिकांचं काय करायचं, हा प्रश्न स्मारकालाही पडला. शेवटी त्यांची नावं फोटोंच्या रांगेत न घेता वेगळ्या ठिकाणी लिहिली. मला हे पटतं. सगळ्यांना एका रांगेत बसवलं असतं, तर कुणी कुणावर बंदूक रोखली होती तेच पुसलं गेलं असतं.

हे सगळं आपोआप टिकलेलं नाही. १९९० मध्ये लोकांना भिंत डोळ्यांसमोर नको होती. १३ जूनला अधिकृत पाडकाम सुरू झालं, तेही याच रस्त्यावर. काँक्रीट फोडून त्याची खडी रस्त्यांखाली घातली. इथल्या चर्चचे पाद्री मानफ्रेड फिशर मात्र तुकडा वाचवायचा म्हणून यंत्रांपुढे उभे राहिले. शेजारच्या दफनभूमीच्या विश्वस्तांचं म्हणणं उलट होतं: भिंतीखाली आमची माणसं पुरलेली आहेत, जमीन मोकळी करा. १९९७ मध्ये त्यांनी काही पॅनेलं काढलीसुद्धा. दोघांचंही चुकत होतं असं म्हणवत नाही. तिथली फट आजही दिसते.

[दृश्य: नॉर्डबानहोफ स्टेशन, जिना उतरताना.]

रस्ता संपतो तिथे नॉर्डबानहोफ. पश्चिमेच्या काही गाड्या जमिनीखालून पूर्वेच्या हद्दीतून जात आणि पुन्हा पश्चिमेत बाहेर पडत. मधली स्टेशनं बंद. वर रस्त्यावरचे जिने बुजवलेले. खाली मंद दिवे, आणि प्लॅटफॉर्मवर बंदूकधारी पहारेकरी. गाडी वेग कमी करून न थांबता पुढे जायची. या वाटेच्या वापरासाठी पश्चिम बर्लिन पूर्वेला दरवर्षी पैसे मोजत होतं. पहारेकरीच पळून जाऊ नयेत, याचीही काळजी घ्यावी लागे. स्टेशनातलं छोटं प्रदर्शन बघायला तिकीट नाही.

पुढे फ्रीडरिखश्ट्रासे स्टेशनाला लागून काचेचा एक हॉल आहे, १९६२ चा. पूर्वेत भेटीला आलेले पाहुणे इथून परत जात, आणि घरचे दारातच थांबत. लोकांनी त्याला 'अश्रूंचा महाल' असं नाव ठेवलं. आत पासपोर्ट तपासायची मूळ चौकी आहे. बोळ इतका अरुंद की दोन माणसं शेजारी उभी राहणार नाहीत.

[दृश्य: चेकपॉइंट चार्ली. गर्दी, सेल्फी.]

आणि हा चेकपॉइंट चार्ली, दोन बर्लिनमधला सरहद्दीचा नाका. १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये इथे अमेरिकन आणि सोव्हिएत रणगाडे समोरासमोर उभे ठाकले होते. आजची चौकी नक्कल आहे. पूर्वी इथे गणवेश घातलेले नट पैसे घेऊन फोटो काढू देत, २०१९ मध्ये ते बंद केलं. फार वेळ घालवू नका. झिमरश्ट्रासेनं थोडं पूर्वेला चाला. तिथे एक स्तंभ आहे. १७ ऑगस्ट १९६२ ला पेटर फेख्टर हा अठरा वर्षांचा गवंडी इथे गोळी लागून पडला आणि जवळजवळ तासभर रक्त वाहत मदतीसाठी हाका मारत राहिला. दोन्हीकडचे सैनिक बघत होते.

[दृश्य: बॉर्नहोल्मर श्ट्रासे. पूल, खाली रुळांवरून लोकल.]

९ नोव्हेंबर १९८९. संध्याकाळी सातच्या सुमारास पूर्व जर्मनीतल्या सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते गुंटर शाबोव्स्की यांनी पत्रकार परिषदेत प्रवासाचे नवे नियम वाचले. ते दुसऱ्या दिवशीपासून लागू व्हायचे होते, पण हे त्यांना कुणी नीट सांगितलं नव्हतं. कधीपासून, असं विचारल्यावर कागद चाळत म्हणाले, "माझ्या माहितीप्रमाणे… लगेच, ताबडतोब." टीव्हीवर हे थेट चाललं होतं. लोक नाक्यांवर जमू लागले. या पुलाच्या नाक्यावर अधिकारी होते हाराल्ड येगर. ते वर फोन करत राहिले, वरून धड हुकूम येईना. आधी जास्त आरडाओरडा करणाऱ्यांना सोडून पाहिलं, त्यांच्या ओळखपत्रातल्या फोटोवर शिक्का मारून. म्हणजे परत घ्यायचं नाही. गर्दी त्यानं वाढलीच. साडेअकराच्या सुमारास येगर यांनी फाटक उघडायला सांगितलं. त्या रात्री पूल ओलांडणाऱ्यांत पुढे जर्मनीच्या चॅन्सेलर झालेल्या, तेव्हा पस्तीस वर्षांच्या अंगेला मर्केलही होत्या. गुरुवारच्या नेहमीच्या बाष्पस्नानाहून निघून त्या इकडे आल्या होत्या.

[दृश्य: श्प्रे नदी. ईस्ट साइड गॅलरी.]

शेवटचा थांबा श्प्रे नदीकाठी. १.३ किलोमीटर सलग भिंत. १९९० मध्ये २१ देशांच्या ११८ चित्रकारांनी ती रंगवली. सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह आणि पूर्व जर्मनीचे नेते होनेकर यांच्या चुंबनाचं चित्र इथलंच. भिंत ताठ उभी असताना या पूर्वेकडच्या अंगाला कुणी ब्रश लावू शकलं नसतं.

बहुतेकांची चालण्याची वाट चित्रांच्या बाजूनं असते. मागे जाऊन नदी बघा. या टप्प्यात संपूर्ण पात्र पूर्वेच्या हद्दीत होतं, पलीकडचा काठ पश्चिमेचा. त्या काठावर खेळणारी पाच लहान मुलं १९६६ ते १९७५ दरम्यान पाण्यात पडून बुडाली. पश्चिमेच्या लोकांना उडी मारून त्यांना वाचवता येईना, कारण पाण्यात उतरणं म्हणजे सरहद्द ओलांडणं. शेवटचा चेटिन मेर्ट, तुर्की कुटुंबातला. त्या दिवशी त्याला पाच वर्षं पूर्ण झाली होती. त्यानंतर लोकांचा संताप उसळला आणि ऑक्टोबर १९७५ मध्ये बुडणाऱ्याला वाचवण्याबद्दल दोन्हीकडच्या सरकारांचा करार झाला.

[दृश्य: भिंतीतली मोकळी जागा, मागे उंच निवासी इमारत.]

ही मोकळी जागा २०१३ ची. मागे महागड्या फ्लॅट्सची इमारत व्हायची होती, तिच्या वाटेसाठी पॅनेलं हलवायची होती. हजारो लोक रस्त्यावर आले. अमेरिकन नट डेव्हिड हॅसलहॉफही आला. मागणी काय, तर भिंत पाडू नका! याच शहरात. तरीही मार्चअखेरीस एका पहाटे, पोलीस बंदोबस्तात, पॅनेलं काढली. इमारत पूर्ण झाली, लोक राहायलाही आले. २०१८ पासून गॅलरीचा ताबा बर्नाउअर श्ट्रासेचं स्मारक सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे. पर्यटक मार्करनं चित्रांवर नावं लिहून जातात, ती पुसायचं कामही आता या संस्थेकडेच.