ज्या नाण्यावर हिंगाचं भावंड होतं

नमस्कार श्रोतेहो. फोडणीला तेल ठेवलं असेल, तर हिंगाची डबी हाताशी असेलच. आज बोलायचंय लिबियाच्या नाण्यांबद्दल, पण सुरुवात त्या डबीपासूनच करू.

लिबियाच्या किनाऱ्याजवळ सायरीन हे ग्रीकांनी वसवलेलं शहर. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकापासून तिथे चांदीची नाणी पडू लागली. त्यांवर काय? एक रोप! जाड दांडा, बाजूंना पानं, वर फुलांचे गुच्छ. नाव सिल्फियम. आपल्या हिंगाचं हे नातलग असावं, असं अभ्यासक मानतात. त्याचा चीक वाळवून स्वयंपाकात आणि औषधात घालत. शहराची कमाई त्यावर, म्हणून नाण्यावरही तेच. लक्षात ठेवा, नाण्यावर रोप.

आता माझी आवडती गोष्ट. रोमचा प्लिनी हा मोठा चौकस गृहस्थ. तो लिहितो, हा चीक चांदीच्या देनारियस नाण्यांच्या भारोभार विकला जाई. यादवी युद्धाच्या सुरुवातीला ज्युलियस सीझरने सरकारी खजिना उघडला, तेव्हा सोन्याचांदीबरोबर हा चीकही काढला. किती? दीड हजार रोमन पौंड, म्हणजे जवळजवळ ४९० किलो! पुढे कुरणं मक्त्याने घेणाऱ्यांना मेंढ्या चारण्यात जास्त नफा दिसला. मग रोपाला कोण हिंग लावून विचारतो? ते इतकं दुर्मीळ झालं, की कुठे उगवलंय हे जनावरांवरून कळायचं. मेंढी खाऊन जागीच झोपली किंवा शेळी शिंकायला लागली, की समजायचं, गेलं एक रोप! प्लिनीच्या हयातीत एकच दांडा सापडला. एकच. तो नवल म्हणून सम्राट नीरोकडे धाडला.

मग रोमचे लोक इराणकडच्या हिंगावर आले. त्यातही डिंक नाहीतर भरडलेल्या शेंगांचे दाणे मिसळलेले, अशी प्लिनीची तक्रार. आपल्या डबीवरची बारीक अक्षरं वाचा. निम्मं तर पीठच. मी म्हणतो, खडा घ्यावा आणि घरी कुटावा. असो.

पुढचं भरभर सांगतो. रोमन, अरब, तुर्क, मग इटलीचा लिरा. १९५१ मध्ये स्वातंत्र्य, १९५२ च्या नाण्यांवर राजा इद्रिस. १९७१ पासून दिनार, एका दिनाराचे हजार दिरहम. आणि दिनार हा शब्द आला देनारियसवरून, ज्याच्या भारोभार तो चीक विकला जायचा.