पटांगणातला सीमाप्रश्न

(दृश्य: बेळगाव तालुक्यातली सरकारी उच्च प्राथमिक मराठी शाळा. सकाळची घंटा.)

शाळेच्या फलकावर वर कन्नड अक्षरं, खाली मराठी. घंटा होते, मुलं रांगा धरतात. आधी प्रार्थना, मग राज्याचं नाडगीत. ते कन्नडमधून आणि तोंडपाठ. मग सातवीतली एक मुलगी पुढे येऊन संविधानाची उद्देशिका म्हणते, बाकीची मुलं तिच्या मागून म्हणतात. शाळा-कॉलेजांतून उद्देशिका वाचण्याचा निर्णय कर्नाटक सरकारनं २०२३ साली घेतला. ‘दर्जाची व संधीची समानता’ हे शब्द पहिली-दुसरीची पोरं एका दमात म्हणून टाकतात. राष्ट्रगीत होतं, रांगा मोडतात, मुलं वर्गात जातात.

भाषा, राज्य, देश, समानता. एवढ्या वेळात या मुलांच्या कानावरून जेवढं राजकारण गेलं, तेवढं समाजविज्ञानाच्या तासाला महिनाभरात जात नसेल. पण वर्गात गेल्यावर त्याबद्दल कुणी काही बोलणार नाही. मुलं विचारणार नाहीत आणि सर सांगणार नाहीत.

(दृश्य: एक नोव्हेंबर. एकीकडे चन्नम्मा सर्कल, लाल-पिवळे झेंडे. दुसरीकडे संभाजी उद्यान, काळ्या फिती, सायकली.)

१ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यं झाली. बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला. बेळगाव, खानापूर, निपाणीचा मराठी मुलूख म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेला. तेव्हापासून या शहरात एका तारखेला दोन दिवस उजाडतात. सरकारचा राज्योत्सव आणि मराठी माणसाचा काळा दिवस. राज्योत्सवाच्या मिरवणुकीत डॉल्बी असते, चित्ररथ असतात, जिल्हाभरातून आलेली तरुण पोरं असतात. काळ्या दिनाची सायकल फेरी मूक असते. वडिलांच्या सायकलीच्या नळीवर बसून त्या फेरीत गेलेली मुलं आज स्वतःच्या मुलांना घेऊन येतात.

आता नववीतल्या एखाद्या मराठी मुलाचा विचार करा. शाळेत राज्योत्सव साजरा होतो, तिथे त्याला हजर राहायचं असतं. घरातून फेरीला जायचं असतं. दोन्हीकडे तो मनापासून उभा असतो, कारण शाळा त्याची आहे आणि घरही त्याचंच आहे. दुसऱ्या दिवशी वर्ग भरतो, फळ्यावर नवी तारीख पडते आणि काल काय झालं याचा उच्चार होत नाही.

गुरुजींना दोष देणं सोपं आहे, पण तो अन्याय होईल. सरकारी शाळेतला शिक्षक सरकारी नोकर आहे. सीमाप्रश्नावर वर्गात वाक्य बोलला तर ते मोबाइलवरून संध्याकाळपर्यंत बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसला पोचतं, हे त्याला ठाऊक आहे. म्हणून तो गप्प बसतो. पण मुलं गप्प बसत नाहीत. ती उत्तर शोधतात आणि ते त्यांना गल्लीच्या कट्ट्यावर, मंडळाच्या मांडवात, नाहीतर मोबाइलवरच्या तीस सेकंदांच्या व्हिडिओत मिळतं. तिथे मिळतो तो राग. ज्याच्यावर रागवायचं तो कन्नड मुलगा बहुतेक वेळा शेजारच्या आवारात, शेजारच्या शाळेत शिकत असतो आणि त्यालाही त्याच मोबाइलवरून उलट्या बाजूचा राग मिळालेला असतो.

खरं तर याच तारखेला आणखी एक गोष्ट घडली होती. राज्यांची पुनर्रचना ज्या सातव्या घटनादुरुस्तीनं पुरी झाली, तिनंच संविधानात ३५० अ हे कलम घातलं. भाषिक अल्पसंख्याक समाजातल्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, यासाठी राज्यांनी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करावा, असं हे कलम सांगतं. तेही १ नोव्हेंबर १९५६ पासूनच अमलात आलं. म्हणजे ज्या दिवशी बेळगावचा मराठी माणूस भाषिक अल्पसंख्याक झाला, त्याच दिवशी त्याच्या मुलाच्या पाटीवरचं मराठी अक्षर संविधानाच्या आसऱ्याला आलं. काळी फीत बांधणाऱ्या किती मुलांना हे माहीत आहे? आणि राज्योत्सवात नाचणाऱ्या किती मुलांना? समाजविज्ञानाच्या पुस्तकात कर्नाटक एकीकरणाचा पाठ आहे. मराठी माध्यमातली मुलं तो मराठीतून वाचतात, प्रश्नोत्तरं लिहितात, मार्क मिळवतात. तो पाठ शिकवताना ३५० अ चं कलम सांगितलं, तर कुणाच्याही विरुद्ध एक शब्द न बोलता मुलाला स्वतःची जागा कळेल. एवढं करायला कुणा सरांना नोटीस येण्याचं कारण नाही.

(दृश्य: हिंडलगा, हुतात्मा स्मारक.)

शाळेवरून इथे माणसं मेली आहेत. १९८० च्या सुमारास कर्नाटकात शाळेतली पहिली भाषा कोणती, या प्रश्नानं उचल खाल्ली. कन्नडला पहिलं स्थान द्या, असं सांगणारा गोकाक समितीचा अहवाल आला, त्याच्या अंमलबजावणीसाठी १९८२ मध्ये मोठं आंदोलन झालं. आणि १९८६ मध्ये प्राथमिक शाळांत कन्नड सक्तीची पाळी आली, तेव्हा सीमाभाग पेटला. महाराष्ट्रातून शरद पवार, छगन भुजबळ यांच्यासारखे नेते सत्याग्रहाला आले. पोलिसांच्या गोळीबारात नऊ जण गेले. त्यांचं स्मारक हिंडलग्याला आहे आणि दरवर्षी १ जूनला तिथे अभिवादन होतं.

तारीख लक्षात घ्या. उन्हाळ्याची सुट्टी संपवून कर्नाटकातल्या शाळा उघडतात, त्याच दिवसांत हा हुतात्मा दिन येतो. नवी पुस्तकं, नवा वर्ग, आणि गावाच्या वेशीवर अशा माणसांचं स्मारक, जी शाळेच्या भाषेसाठी गेली. हिंडलग्याची मुलं रोज त्या स्मारकावरून ये-जा करतात.

पण हा इतिहास फक्त मराठी बाजूनं सांगितला तर तो अर्धा राहील, आणि अर्धा इतिहास मुलांच्या हाती देऊ नये. मुंबई इलाख्याच्या काळात इथल्या शाळांवर, कचेऱ्यांवर मराठीचा पगडा होता. कन्नड घरातल्या मुलाला आपल्या भाषेत शिकायची वाट अरुंद होती. १९१६ मध्ये बेळगावात सात जणांनी पुढाकार घेऊन शाळा काढली. तिच्यातून पुढे केएलई या शिक्षणसंस्थेचा वटवृक्ष उभा राहिला. त्या सात जणांना ‘सप्तर्षी’ म्हणतात. कर्नाटकाच्या एकीकरणाची जाणीव अशाच शाळांतून वाढली. १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन टिळकवाडीच्या माळावर भरलं, तेव्हा कन्नड एकीकरणाचा उच्चारही बेळगावातच झाला. त्या अधिवेशनाचा भार वाहिला तो हुदलीच्या गंगाधरराव देशपांड्यांनी. घरची भाषा मराठी, टिळकांचे पट्टशिष्य, आणि लोक त्यांना म्हणत ‘कर्नाटकसिंह’. पुढे १९४६ साली याच शहरात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला तिथून जोर आला.

दोन्ही एकीकरणांची मुळं या एका गावात आहेत. दोन्ही शाळा, पुस्तक आणि भाषेच्या ओढीतून आली. हे ज्या मुलाला कळेल, त्याला आपला हक्क मागायला समोरच्याचा द्वेष करावा लागणार नाही. म्हणून गंगाधररावांबद्दल आणि सप्तर्षींबद्दल मराठी शाळेत सांगायला हवं, आणि १९८६ बद्दल कन्नड शाळेत.

(दृश्य: कडोली. जानेवारी महिना, ग्रंथदिंडी. नऊवारीतल्या मुली, डोक्यावर कळस, पुढे लेझीम.)

शाळा जे बोलत नाही ते गाव बोलतं. कडोली, उचगाव, कुद्रेमनी, येळ्ळूर, सांबरा. हिवाळ्यात या गावांतून एकामागून एक साहित्य संमेलनं भरतात. शेतीची गावं, पण संमेलन म्हटलं की घरोघरी पाहुणे आणि दारोदारी रांगोळ्या. ग्रंथदिंडीत सगळ्यात पुढे शाळेची मुलं असतात. मांडवात सीमाप्रश्नाचा ठराव होतो, हात वर होतात आणि मागे सतरंजीवर बसलेली आठवी-नववीची मुलं ते बघत असतात. ठराव म्हणजे काय, तो मांडतात कसा, अनुमोदन कोण देतं, हे या मुलांनी कुठल्याही पुस्तकाआधी इथे पाहिलेलं असतं. आमच्या मते सीमाभागातला सगळ्यात जिवंत नागरिकशास्त्राचा तास तो हाच.

मात्र हा मांडव आता ओसरू लागलाय. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं कर्नाटकाच्याच खटल्यात निकाल दिला. प्राथमिक शिक्षणाचं माध्यम कोणतं हे पालकांनी ठरवायचं, सरकारला मातृभाषेची सक्ती करता येणार नाही. सक्तीविरुद्ध लढलेल्या मराठी माणसाला हा निकाल आपला वाटायला हवा होता. प्रत्यक्षात त्याचा फायदा घेतला इंग्रजी शाळांनी, आणि त्या शाळांच्या पिवळ्या बस आज येळ्ळूर-कडोलीच्या गल्ल्यांतून फिरतात. पालकांचं गणितही समजण्यासारखं आहे. दहावीपर्यंत मराठी, आणि पुढे पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम इंग्रजी नाहीतर कन्नड. पोराची फरफट नको, म्हणून ते पहिलीपासूनच बस धरतात. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्टीत तर पर्यायच नाही. तिथे सरकारी मराठी शाळाच आहे. पट कमी, कुठे एकाच बाईंकडे दोन-तीन वर्ग, कुठे अतिथी शिक्षकाची वाट.

इंग्रजी शाळेतल्या मराठी मुलाची राजकीय जाणीव कशी घडते? तो घरी मराठी बोलतो, शिवजयंतीला चित्ररथावर मावळा होतो, दिवाळीत किल्ला करतो. पण मराठी वर्तमानपत्र त्याला सलग वाचता येत नाही. सीमाप्रश्न त्याच्यासाठी घोषणा आहे, मजकूर नाही. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे २०१३ मध्ये दोन आमदार होते. २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही. त्याला फाटाफुटीसह अनेक कारणं आहेत, पण ज्या पिढीला समितीचं पत्रकच वाचता येत नाही, तिच्याकडून मताची अपेक्षा कशी धरणार, हा प्रश्न समितीनंही स्वतःला विचारायला हवा.

(दृश्य: प्रवेश अर्ज. कॅमेरा एका रकान्यावर.)

बारावीनंतर महाराष्ट्रात इंजिनीअरिंग-फार्मसीला जायचं असेल तर सीमाभागातल्या मुलांसाठी वेगळा गट आहे. त्यासाठी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. आपलं गाव वादग्रस्त सीमाभागात आहे आणि आपली मातृभाषा मराठी आहे. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर दावा सांगतो आणि ज्यांचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्या यादीत आपल्या गावाचं नाव शोधणारा सतरा वर्षांचा मुलगा पहिल्यांदा ‘वादग्रस्त’ हा शब्द स्वतःच्या घराला लावून वाचतो. बारा वर्षं ज्या प्रश्नावर शाळेत चकार शब्द नाही, तो असा अर्जाच्या रकान्यातून समोर येतो, तेही शेवटची तारीख जवळ आलेली असताना.

आणि कन्नड? त्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. सक्तीला विरोध आणि भाषेला विरोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेळगावच्या दक्षिणेला हलगा-मच्छे बायपाससाठी सुपीक जमिनी गेल्या, त्यावर शेतकरी वर्षानुवर्षं झगडले. अशा वेळी घरी आलेला कन्नड कागद कोण वाचतं? शाळेत कन्नड शिकलेली नात. ती आजोबांना ओळ न् ओळ समजावते, हरकत नोंदवायची मुदत कधीपर्यंत आहे ते सांगते. मराठी कागदपत्रांचा हक्क मागायचाच आहे, त्याला कायद्याचा आधारही आहे. पण तो मागण्याचा अर्ज कन्नडमध्ये लिहिता आला तर तहसीलदाराला टोलवता येत नाही.

(दृश्य: ग्रामपंचायतीचं सभागृह. मुलं खाली, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) आणि अध्यक्ष खुर्च्यांवर.)

कर्नाटकात एक चांगली चाल आहे. मुलांची ग्रामसभा. वर्षातून एकदा ग्रामपंचायत शाळेतल्या मुलांना बोलावते आणि मुलांनी आपल्या अडचणी मांडायच्या असतात. बऱ्याच ठिकाणी ती फोटोपुरती होते. सर आधी प्रश्न लिहून देतात, मुलं पाठ म्हणतात, बिस्किटं वाटली जातात. पण जिथे शिक्षक थोडे मागे सरकतात, तिथे मुलं खरं बोलतात. मुलींच्या शौचालयाला कडी नाही. सकाळची बस शाळा भरल्यावर येते. मराठीचे सर बदलून गेले, त्यांच्या जागी कुणीच नाही.

हा शेवटचा प्रश्न जेव्हा एखादी मुलगी उभी राहून विचारते, तेव्हा तिनं सीमाप्रश्नाचं नाव घेतलेलं नसतं. कुणाविरुद्ध घोषणा दिलेली नसते. पण ३५० अ कलमातल्या ‘पुरेशा सोयी’ तिनं मागितलेल्या असतात, पंचायतीच्या सभागृहात, सगळ्यांसमोर. पीडीओंना ते नोंदवून घ्यावं लागतं. नोंद कन्नडमध्ये होते. त्या मुलीला कन्नड वाचता येत असेल तर ती खाली वाकून बघू शकते, आपण बोललो तेच लिहिलंय का. तसं लिहिलेलं नसेल, तर तिथल्या तिथे दुरुस्त करायला सांगू शकते. आणि पुढच्या वर्षी, शिक्षक आले नाहीत तर, त्याच वहीतलं ते पान उघडायला लावू शकते.